पाणचक्की आणि रहाट: थळच्या वाडीतून पाहिलेली दोन पाणयंत्रं



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकानं मला विचारलं, "थळला येऊन पाणचक्कीवर बोलणार? इथं कुठं आहे पाणचक्की?" प्रश्न रास्त आहे. थळला पाणचक्की नाही. कोकणच्या किनाऱ्यानं पाणचक्कीची परंपरा घडवलीच नाही. पण म्हणूनच हा विषय इथं बोलण्यासारखा आहे, असं मला वाटतं. एखादं यंत्र एखाद्या गावात का आलं, याइतकंच ते दुसऱ्या गावात का आलं नाही, हेही इतिहासात विचारावं लागतं. आणि थळमध्ये यंत्र नव्हतं असं मुळीच नाही. वाडीवाडीत रहाट होता. तेव्हा आज आपण दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की, आणि दुसरा आपल्या अष्टागरातला रहाट.

आधी पाणचक्की पाहू.

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. हे नक्शबंदी परंपरेतले सूफी. मूळचे मध्य आशियातल्या बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानचे. त्यांच्या दर्ग्याच्या आवारात मशीद, मदरसा, यात्रेकरूंसाठी राहण्याची जागा, मोठा हौद आणि पिठाची चक्की असं सगळं संकुल सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं उभं राहिलं. इथं येणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना, शिष्यांना रोज जेवण लागे. शेकडो माणसांचं पीठ हाताच्या जात्यावर दळायचं तर किती हात लागतील, याचा विचार करा. म्हणून चक्की.

तुमच्यापैकी जे तिथं गेले असतील त्यांना काय आठवतं? हौद आठवतो, त्यात वरून पडणारं पाणी आठवतं, वडाचं प्रचंड झाड आठवतं. चक्की त्या मानानं लहान. एका खोलीत दोन दगडी तळ्या, आणि फरशीखाली चाक. बरेच लोक बघतात, फोटो काढतात आणि म्हणतात, "एवढीच?" तर एवढीच नाही. चक्कीचा बराचसा भाग आपल्याला दिसतच नाही, कारण तो जमिनीखाली आहे.

शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला, जमीन उंच आहे. तिथलं पाणी गोळा करून ते मातीच्या नळांतून, जमिनीखालून, काही किलोमीटर आणलं आहे. हे नळ भाजलेल्या मातीचे आणि भोवती चुन्याचं बांधकाम. वाटेत जमीन खाली जाते, पुन्हा वर येते, पण नळ बंदिस्त असल्यामुळं पाणी आपली पातळी सोडत नाही. उगम जेवढा उंच, जवळजवळ तेवढं ते दुसऱ्या टोकालाही चढतं. घर्षणात थोडं गमावतं, एवढंच. याला आपण सायफनचं तत्त्व म्हणतो. दर्ग्याच्या आवारात एक उंच दगडी मनोरा आहे. पाणी त्याच्या आतून वर चढतं आणि वरून पडतं. कुठंही पंप नाही, बैल नाही, माणूस नाही.

ही विद्या त्या शहराला नवी नव्हती. मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी उभे मनोरे आहेत. नळात अडकलेली हवा निघून जावी आणि दाब फार वाढून नळ फुटू नये, यासाठी ते आहेत. पाणचक्कीची नहर वेगळी, पण घराणं तेच.

हौदाचीही गंमत आहे. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. खांबांवर उभं असलेलं हे दालन उन्हाळ्यात थंडगार राहतं. यात्रेकरू तिथं विसावत. म्हणजे तेच पाणी आधी चक्की फिरवतं, मग हौदात डोळ्यांना गारवा देतं, खाली निजलेल्यांना सावली देतं आणि शेवटी खाम नदीला मिळतं.

आता प्रत्यक्ष चक्की. पाणचक्क्यांचे ढोबळ मानानं दोन प्रकार असतात. पहिल्यात चाक आडवं असतं, म्हणजे जमिनीला समांतर, भोवऱ्यासारखं. त्याच्या मधोमध उभा कणा. पाण्याचा झोत चाकाच्या पात्यांवर आदळतो, चाक फिरतं, कणा फिरतो, आणि कण्याच्या वरच्या टोकाला बसवलेली वरची तळी फिरते. खालची तळी स्थिर. मध्ये कुठंही दाते नाहीत. चाकाचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. औरंगाबादची चक्की या प्रकारची. हिमालयात ज्याला घराट म्हणतात तेही असंच.

दुसऱ्या प्रकारात चाक उभं असतं, बैलगाडीच्या चाकासारखं. त्याचा कणा आडवा. पण तळीला तर उभा कणा लागतो. मग आडव्या कण्याचं फिरणं उभ्या कण्यात बदलायचं कसं? त्यासाठी दात्यांची दोन चाकं काटकोनात एकमेकांत अडकवावी लागतात. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसनं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात आपल्या ग्रंथात अशा चक्कीचं वर्णन केलं आहे. पुढं युरोपात ती गावोगावी पसरली. इंग्लंडमध्ये १०८६ साली सरकारी नोंदवही झाली, डूम्सडे बुक म्हणतात तिला. तिच्यात पाच हजारांहून अधिक चक्क्यांची नोंद आहे. हे काटकोनातले दाते लक्षात ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहेत, आणि भेटणार आहेत ते थळच्या वाडीत.

तर आता थळला येऊ.

इथं पाणचक्की का नाही? इथं पाऊस कमी पडतो म्हणून? अहो, अलिबागच्या आसपास वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस होतो. औरंगाबादेत याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे पाणी आमच्याकडं जास्त, आणि चक्की त्यांच्याकडं!

याची कारणं तीन. पहिलं म्हणजे आपला पाऊस चार महिन्यांत येतो आणि समुद्राला मिळतो. दिवाळीनंतर ओढे बारीक होतात, होळीपर्यंत कोरडे पडतात. चक्कीला बारमाही धार लागते. दुसरं कारण जमिनीचं. थळपासून रेवदंड्यापर्यंतचा हा पट्टा सपाट आहे. पाण्याला पडायला उंची नाही. आणि चक्कीला पाण्यापेक्षाही पाण्याचं पडणं लागतं.

तिसरं कारण स्वयंपाकघरातलं आहे. आपण भात खाणारी माणसं. गव्हाचं पीठ करावं लागतं, तांदळाचं टरफल काढावं लागतं. त्यासाठी आपल्याकडं घिरट होतं, उखळ-मुसळ होतं. भाकरीपुरतं पीठ बायका पहाटे उठून जात्यावर दळत. जातं बोथट झालं की टाकी लावून घ्यायचं. कामाचा भार कमी होता असं मी म्हणणार नाही. ज्यांनी ते जातं ओढलं त्यांना विचारा. पण दळण घरोघरी वाटलेलं होतं. दर्ग्यात होतं तसं एका ठिकाणी शेकडो माणसांचं पीठ लागत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, ओढ्यांना उतार नसेल, पण भरती-ओहोटी तर रोज दोनदा होते. बरोबर आहे. आणि हा माझा आवडता मुद्दा आहे. युरोपच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या चक्क्या होत्या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ईलिंगला अशी एक चक्की आजही उभी आहे. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, दरवाजा बंद करायचा, ओहोटी लागली की ते पाणी चाकावर सोडायचं. आता आपला खारेपाट आठवा. बांध आहे, बांधाला उघाडी आहे, पलीकडं भरती-ओहोटी आहे. चक्कीला लागणारं सगळं साहित्य हजर! पण आपल्या माणसांनी उघाडी उलटी चालवली. ओहोटीला ती आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला मिटून समुद्राला बाहेर ठेवते. त्यांना पीठ दळायचं नव्हतं, खाऱ्या जमिनीतून भात काढायचा होता. हेच बांध, हीच दारं, आणि काम अगदी वेगळं. मला तर वाटतं, गरज काय आहे ते ठरलं की यंत्र कसं असावं ते आपोआप ठरतं.

मग अष्टागराची गरज काय होती? नारळ आणि पोफळी. आगर या शब्दाचा अर्थच तो. ही झाडं दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत पाणी मागतात, पोफळ तर फारच. पाणी आहे कुठं? पायाखाली, विहिरीत. म्हणजे इथं पाणी वरून पडत नाही, ते खालून वर काढावं लागतं. देशावर यासाठी मोट होती. आमच्याकडं रहाट.

आता तरुण मंडळींसाठी रहाट नीट सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांनी 'संसाराचं रहाटगाडगं' हे फक्त बोलण्यात ऐकलं असेल.

वाडीतली विहीर शक्यतो उंचवट्यावर खणायची, म्हणजे पाणी सगळीकडं आपसूक जाईल. विहिरीच्या तोंडावर आडवा कणा. कण्यावर एक मोठं लाकडी चाक, आणि त्या चाकावरून विहिरीत सोडलेली दोरांची माळ. माळेला ओळीनं मातीची गाडगी बांधलेली, लोटे. चाक फिरलं की एका बाजूनं रिकामी गाडगी उपडी खाली जातात, दुसऱ्या बाजूनं भरलेली वर येतात, माथ्यावर आली की ओततात. पाणी डोणीत पडतं, डोणीतून पाटात, पाटातून एकेका झाडाच्या आळ्यात. वाडी शिंपायची ती अशी.

हे फिरवतो कोण? बैल किंवा रेडा. विहिरीशेजारच्या चौथऱ्यावर तो गोल फिरतो. त्याच्या दांड्याला जोडलेलं एक दातेरी चाक आडवं फिरतं. पण गाडग्यांचं चाक तर उभं आहे! मग आडवं फिरणं उभ्यात बदलायला हवं. त्यासाठी दातेरी चाकांची जोडी काटकोनात अडकवलेली. आठवलं का? व्हिट्रुव्हियसच्या चक्कीतले तेच काटकोनातले दाते. तिथं उभं चाक पाण्यानं फिरतं आणि आडवी तळी फिरवतं. इथं आडवं चाक रेडा फिरवतो आणि उभं चाक पाणी काढतं. चक्की उलटी चालवली की रहाट झाला.

आणखी दोन बारकावे. रेडा मध्येच थांबला तर भरलेली माळ आपल्या वजनानं मागे फिरेल, जनावराला मागं खेचेल, दाते मोडतील. म्हणून एक लाकडी अडसर असतो. तो दात्यांवरून टकटक करत सरकतो, पण चाकाला उलटं जाऊ देत नाही. दुसरं म्हणजे गाडग्याच्या बुडाला बारीक भोक. लहानपणी मला हा कुंभाराचा निष्काळजीपणा वाटायचा! पण भोकातून हवा निघून जाते, म्हणून गाडगं पाण्यात चटकन भरतं. आणि काम थांबलं की गाडग्यांतलं पाणी हळूहळू गळून जातं, माळेवरचा भार उतरतो. रात्रभर दोर ताणलेले राहत नाहीत.

आमच्या वाडीत रहाटामागं चालायचं काम माझ्याकडं असे. लाकडाची कुरकुर आणि त्या अडसराची टकटक घरापर्यंत ऐकू जायची. आवाज थांबला की आजोबा पडवीतून विचारायचे, "काय रे, रेडा थांबला की तू?" (हशा) बहुतेक वेळा मी थांबलेला असायचो.

या यंत्राचा वंश जुना आहे. रहाट हा शब्द संस्कृत 'अरघट्ट'वरून आला. जुन्या अरघट्टाला दाते होते की नव्हते, यावर इतिहासकारांत बरीच चर्चा झाली. इरफान हबीब यांचं म्हणणं असं की, जुना अरघट्ट म्हणजे चाकाला बांधलेली मडकी किंवा माळ. जनावरानं फिरवायचं, काटकोनात दाते असलेलं यंत्र मध्ययुगात पश्चिमेकडून आलं. बाबरानं सोळाव्या शतकात आपल्या आठवणींत लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडचा रहाट पाहून त्याचं वर्णन केलं आहे. दोरांची माळ, मडकी, दात्यांची चाकं, बैल, सगळं त्यात आहे. तो ते एखाद्या इंजिनिअरसारखं एकेक भाग सांगतो. म्हणजे शब्द आपला, दाते कदाचित पाहुणे, आणि रेडा मात्र नक्की इथला.

आता थोडा हिशेब करू. घाबरू नका, शाळेतलाच आहे.

सेकंदाला दहा लिटर पाणी पाच मीटर उंचीवरून पडत असेल, तर त्यात सुमारे ४९० वॅट ताकद असते. म्हणजे साधारण दोन तृतीयांश अश्वशक्ती. पाणचक्कीला ही ताकद फुकट मिळते, त्यातली काही घर्षणात जाते, उरलेली दळते. आता उलट बघा. तेच दहा लिटर पाणी विहिरीतून पाच मीटर वर काढायचं, तर तेवढीच ताकद खर्च करावी लागते, वर घर्षण वेगळं. चक्कीच्या खात्यात जी जमा, ती रहाटाच्या खात्यात नावे. एक बैल सलग काम करताना साधारण अर्धी अश्वशक्ती देतो. तेव्हा रहाटाला सेकंदाला दहा लिटर झेपतच नाहीत. तीन-चार लिटर म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि बैल दमतो. त्याला सोडावं लागतं, वैरण-पाणी द्यावं लागतं. तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरून येते.

हे शेवटचं वाक्य मी सहज बोललो, पण आजच्या व्याख्यानाचा गाभा तिथं आहे.

आपल्या वाड्या वाळूच्या पट्ट्यावर आहेत. पावसाचं पाणी वाळूत मुरतं. खाली काय आहे? समुद्राचं खारं पाणी. गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हॉलंडमध्ये बॅडन घायबेन यांनी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जर्मनीत हर्झबर्ग यांनी याचं गणित मांडलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. त्यावरून असं निघतं की, जमिनीतल्या गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर एक मीटर असेल, तर समुद्रसपाटीच्या खाली जवळजवळ चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. ऐकायला छान वाटतं. पण हेच उलटं वाचा. वरची पातळी एक मीटर खाली गेली, तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर यायला मोकळं. प्रत्यक्षात वाळू, खडक, चिकणमाती यांचे थर आहेत, त्यामुळं आकडे जागोजागी बदलतात. पण दिशा बदलत नाही. आणि एकदा खारटलेली विहीर गोडी व्हायला कितीतरी पावसाळे लागतात. नारळ थोडं खारं सोसतो, पोफळ सोसत नाही.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात विजेचे पंप आले. तीन अश्वशक्तीचा पंप म्हणजे सहा बैल, न दमणारे, न थांबणारे, बटण दाबलं की सुरू. पंप वाईट असं मी म्हणत नाही. त्या रेड्यामागं उन्हात चाललेला मी, पंप आला तेव्हा सगळ्यात आनंद मलाच झाला होता. पण रहाटाला एक मर्यादा होती, आणि ती विहिरीच्या मर्यादेशी जुळणारी होती. ती कुणी आखून दिलेली नव्हती, ती रेड्याच्या दमात होती. पंपानं ती काढून टाकली, आणि तिच्या जागी आपण दुसरी मर्यादा ठेवली नाही. शिवाय आता वाडीला फक्त झाडं नाहीत, वाडीत बंगले आहेत, हिरवळी आहेत, सुट्टीचे पाहुणे आहेत. विहीर तीच.

आता पुन्हा औरंगाबादला जाऊ. तिथं काय झालं? चाक आहे, तळ्या आहेत, तिकीट काढून लोक बघतात. पण जमिनीखालच्या नहरींवर शहर वाढलं. नळांना गळती लागली, वरून बांधकामं झाली, पाणी आटलं. पाणी आटलं की चक्की थांबते. चाकाची देखभाल सोपी असते, कारण चाक दिसतं. नहर दिसत नाही, म्हणून तिच्याकडं दुर्लक्ष होतं. आणि खरं यंत्र तर नहरच आहे. चाक हे तिचं शेवटचं टोक.

थळचंही तसंच आहे. आज कुठं कुठं रिसॉर्टच्या दारात शोभेला रहाटाचं चाक उभं केलेलं दिसतं. छान रंगवलेलं, कुंड्या लावलेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलं विचारतात तरी, हे काय आहे म्हणून. पण रहाट जपायचा म्हणजे ते चाक जपायचं, एवढंच समजलो तर आपण औरंगाबादचीच चूक करू. रहाटाचं खरं यंत्र वाळूत होतं. खाऱ्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा तो थर, हीच आपली नहर.

तेव्हा निघताना तीन कामं सांगतो, मोठी नाहीत. एक, घरात कुणी रहाट बांधलेला, चालवलेला माणूस असेल, तर त्याच्याकडून प्रत्येक भागाचं नाव लिहून घ्या. दर दोन गावांना शब्द बदलतो, आणि सुताराबरोबर शब्दही जातो. दोन, आपल्या विहिरीची पातळी मोजा. दोरीला दगड बांधा, महिन्यातून एकदा सोडा, वहीत लिहा. पाण्याचा खारेपणा मोजायचं साधं मीटर चार घरांत मिळून एक घेतलं तरी पुरे. पाच वर्षांची अशी वही कुठल्याही अहवालापेक्षा जास्त बोलेल. तीन, छपरावरचं पावसाचं पाणी गटारात न सोडता वाळूत मुरवा. दोन हजार मिलिमीटर म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला दोन लाख लिटर. समुद्राला त्याची गरज नाही.

इथून किनाऱ्यावर गेलात की समोर खांदेरी आणि उंदेरी दिसतील. १६७९ साली महाराजांनी खांदेरीचं बांधकाम काढलं तेव्हा या किनाऱ्यावरून तिकडं सामान जात होतं. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या त्या बेटावरही किल्ला टिकायचा तर आधी प्रश्न गोड्या पाण्याचाच. आपण बेटावर राहत नाही असं आपल्याला वाटतं. पण विहिरीत वाकून पाहिलं, तर आपल्या खालीही समुद्रच आहे.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.